इस्पितळात राहिलेलं झबलं

माझा धाकटा भाऊ फेंग आठवड्याचे पाच दिवस टपाल वाटतो आणि उरलेल्या वेळात मेलेल्यांना घरी पोचवतो. दोन्ही कामं पत्त्यांचीच, असं तो म्हणतो. मी म्हणते, तुला स्वतःचा पत्ता सापडला नाही अजून, लोकांना कसला दाखवतोस? त्यावर तो हसत नाही. एरवी कशावरही हसतो, पण या एका बाबतीत त्याला थट्टा चालत नाही.

आम्ही मोंग लोक. आमच्यात माणूस गेला की एक जाणता माणूस शवपेटीशेजारी उभा राहून त्याला गाण्यातून वाट सांगतो. जिथे जिथे राहिलास ते प्रत्येक घर उलट्या क्रमाने गाठ, तिथल्या पाण्याचे आणि जळणाचे आभार मान, आणि शेवटी जन्मघरी जाऊन तुझं पहिलं झबलं अंगात घाल. झबलं म्हणजे वार, बाळामागून येते ती. मुलाची घराच्या मधल्या खांबाखाली पुरतात, मुलीची आईबापाच्या पलंगाखाली. ते अंगावर असल्याशिवाय वाडवडील ओळख देत नाहीत. जीव उघडा भटकत राहतो, आणि मागे राहिलेल्यांना आजारी पाडतो.

माझं झबलं लाओसमध्ये, डोंगरावरच्या एका जळून गेलेल्या घराखाली आहे. घर गेलं, पण जागा आहे. फेंग मात्र इथे अमेरिकेत, सेंट पॉलच्या मोठ्या इस्पितळात, चौथ्या मजल्यावर जन्मला. त्याचं झबलं आईला मिळालं नाही, आणि ते न मिळण्याचं कारण मी. हे एवढंसं वाक्य मी बेचाळीस वर्षं तोंडाबाहेर काढलं नव्हतं.

मी दहा वर्षांची होते. निर्वासितांच्या छावणीतून इथे येऊन आम्हाला दीड वर्ष झालं होतं आणि आमच्या बिऱ्हाडात इंग्रजी येणारी मी एकटी. वीजवाल्याशी मी बोलायचं, शाळेत आईबाबांच्या वतीने मीच माझी तक्रार ऐकून घ्यायची आणि घरी येऊन ती कौतुक म्हणून सांगायची. त्यामुळे बाळंतपणातही आईच्या उशाशी मीच. आई घामाघूम, बाबा कारखान्यात. बाळ रडलं. आई मला म्हणाली, "शुआ, तिला सांग, बाळाचं झबलं द्या. फेकू नका म्हणावं."

ती नर्स माझ्या वर्गातल्या कॅरनची आई होती. शनिवारी कॅरनचा वाढदिवस होता आणि त्या शाळेत मला पहिल्यांदाच कुणी घरी बोलावलं होतं. मला डोळ्यांपुढे दिसायला लागलं की या बाई घरी जाऊन सांगणार, त्या मुलीच्या आईने रक्ताची पिशवी मागितली, आणि सोमवारी सगळ्या वर्गाला कळणार. मी नर्सकडे पाहिलं. टेबलावर लाल जेलीची वाटी होती. मी विचारलं, "मला ती जेली मिळेल का?" बाई हसल्या, मान हलवून म्हणाल्या, "नाही ग, ती पेशंटसाठी असते."

आईने मान हललेली पाहिली. "काय म्हणते?"

"देत नाहीत म्हणते."

"परत विचार."

"नाहीच म्हणते, आई. त्यांचा नियम आहे."

आईने भिंतीकडे तोंड फिरवलं. मी वाढदिवसाला गेले.

पुढे मी दुभाषीच झाले. तीस वर्षं झाली, इस्पितळांतून मोंग म्हाताऱ्यांच्या उशाशी उभी असते. लोक म्हणतात शुआसारखी बाई नाही, एक शब्द इकडचा तिकडे करत नाही. अशा वेळी मी तोंडात मूग धरून बसते.

आता फेंगचं म्हणाल, तर त्याचं बालपण म्हणजे एक ना धड, भाराभर चिंध्या. दुसरीत असताना बाईंनी नकाशा टांगला आणि सांगितलं, आपापल्या देशावर टाचणी लावा. हा घरी विचारायला आला. बाबा म्हणाले, लाओस. आजोबा म्हणाले, छे, आपण चीनमधले, तिथून मार खाऊन पळालो. मी म्हणाले, छावणी होती तिथे लाव, ती थायलंडमध्ये होती. आई म्हणाली, "कुठेही लाव, पण जेवून घे." दुसऱ्या दिवशी पोराने टाचणी समुद्रात टोचली. बाईंना वाटलं त्याला नकाशा वाचता येत नाही.

त्यानंतर सहा-सात वर्षं तो 'फिल' होता. घरात कुणी फेंग म्हणून हाक मारली तर ओ देत नसे. आई मोंगमध्ये बोलायची, हा इंग्रजीत उत्तर द्यायचा, आणि मधे मी. एकाच घरातल्या दोन माणसांची दुभाषी होणं म्हणजे काय, ते ज्याचं त्याला ठाऊक. मग केस उभे करून तो व्हिएतनामी आणि कंबोडियन पोरांबरोबर हिंडायला लागला. तेव्हा म्हणायचा, "आम्ही सगळे एकच." त्या पोरांच्या आया एकमेकींशी एक शब्द बोलू शकत नव्हत्या. कॉलेजात गेला आणि एकाएकी त्याला मोंगपणाची बाधा झाली. आईनेच शिवलेली भरतकामाची बंडी घालून तो आईलाच मोंग म्हणजे काय ते समजावून सांगायचा, तेही इंग्रजीत. आई मला विचारायची, "काय म्हणतोय?" मी सांगायचे, "बंडी छान झालीय म्हणतो."

सव्विसाव्या वर्षी पैसे साठवून लाओसला गेला. तिथल्या बाजारात एका मोंग म्हातारीने विचारलं, कुठल्या कुळाचा? खांग, हा म्हणाला. कुठून आलास? ते सांगितल्यावर ती म्हणाली, "मग तू अमेरिकन." तिने लहान मुलाशी बोलतात तसं सावकाश बोलून त्याला दोन काकड्या दिल्या. परत आल्यावर तो महिनाभर गप्प होता. विचारलं तर म्हणायचा पोट बिघडलंय.

पण या सगळ्या वळणांत त्याची एक गोष्ट पक्की होती. पंधराव्या वर्षी आजोबांच्या अंत्यविधीत त्याने वाटेचं गाणं नीट ऐकलं आणि आईला विचारलं, माझं झबलं कुठे आहे? आई म्हणाली, इस्पितळवाल्यांनी दिलं नाही, ताईने दोनदा विचारलं होतं. त्या दिवसापासून त्याला राग धरायला जागा मिळाली. आपण कुठलेच का नाही, याचं उत्तर मिळालं. "यांनी मला जन्मल्या जन्मल्या उघडं केलं," असं तो म्हणायचा. कॉलेजात त्यावर त्याने भाषण केलं, पोरींनी डोळे पुसले. मी मागच्या बाकावर बसून टाळ्या वाजवल्या. माझा मलाच इतका तिरस्कार वाटला की घरी जाऊन मी दोन दिवस कुणाशी धड बोलले नाही.

स्वतःच्या तीन पोरांच्या वेळी त्याने मागून घेतलं. तोपर्यंत इस्पितळवाले ते झाकणाच्या डब्यात घालून निमूट द्यायला लागले होते. एडमंड अव्हेन्यूवरच्या घरात मधला खांब नव्हता म्हणून त्याने तिन्ही गॅरेजच्या खांबाशी पुरली. नंतर पोरं वाढली, घर पुरेना, विकावं लागलं. घेणाऱ्या गोऱ्या जोडप्याला काय सांगणार? त्याने टपालाच्या बदलीत बरोबर तोच रस्ता मागून घेतला. रोज त्यांच्या पेटीत पत्रं टाकतो आणि गॅरेज पाडलं तर नाही ना, ते बघून येतो. त्यांना वाटतं, पोस्टमन फार अगत्याचा आहे.

पाच वर्षांपूर्वी आई गेली. तिची वाट आमच्या भागातले जुने जाणते, वा सेंग आजोबा, यांनी गायली. सेंट पॉलमधली चार घरं, छावणी, नदी, जंगल, डोंगर, आणि शेवटी तिच्या आईबापाचा पलंग. आई पोचली. फेंग बाहेर येऊन मला म्हणाला, "ताई, मला हे शिकायचंय." मी म्हणाले, "तुला धड मोंग येत नाही. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?" पण तो शिकला. हे गाणं जिवंतांच्या घरात म्हणायचं नसतं, म्हणून बायकोने त्याला गॅरेजमध्ये काढलं. जानेवारीच्या थंडीत तो तिथे कानटोपी घालून मेलेल्यांना रस्ता सांगायचा. टपालाच्या गाडीतही तेच. तीन वर्षांत वा सेंग आजोबांनी त्याला सोबत न्यायला सुरुवात केली, आणि गेल्या वर्षी त्यांना झटका आल्यावर आमच्या भागात वाट गाणारा तो एकटाच उरला. गेलेली सगळी म्हातारी माणसं, सगळी डोंगरात जन्मलेली. त्यांना तो बिनचूक पोचवायचा.

या मार्चमध्ये लेंग चा गेला. वय त्रेचाळीस. शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करायचा, हातात पाना असतानाच कोसळला. आमच्या माहितीत इथे जन्मून इथेच वाढून मेलेला हा पहिला. फेंगच्याच इस्पितळातला, त्याच्या एक वर्ष आधीचा.

बुधवारी संध्याकाळी फेंग माझ्याकडे आला. गणवेश अंगावरच होता. हातातला कागद त्याने टेबलावर ठेवला. लेंगचे पत्ते. थॉमस अव्हेन्यू, शेरबर्न, परत थॉमस, असे सात.

"बघ," तो म्हणाला. "सगळा जन्म दोन मैलांत. अर्धा माझ्या टपालाच्या बीटमध्येच आहे. चालत पाऊण तास. आणि मग काय?"

"मग इस्पितळ," मी म्हणाले.

"आणि तिथे काय घालायचं त्याने अंगात? चाकाका म्हणतात, ते इस्पितळ-बिस्पितळ सोड, माझ्या पोराला सरळ माझ्या गावी ने, माझ्या बापाच्या खांबापाशी. आणि लेंगची मुलगी, ती केली, म्हणते, बाबा आयुष्यात कधी विमानात बसले नाहीत, ते चुकतील. दोघंही माझ्याकडे बघतात. मी कुणाकडे बघू?"

चाकाका म्हणजे लेंगचे वडील, शहात्तर वर्षांचे. मुलगा आपल्या आधी गेला म्हणून ते बोलत कमी होते आणि ओरडत जास्त होते.

"लेंग अडकला तर?" फेंग म्हणाला. "त्या पोरीला काही झालं तर? ताई, मी तर हेही सांगू शकत नाही की ते कुठे नेऊन टाकतात. तू होतीस तिथे, माझ्या वेळी. नीट आठव. तू विचारलंस तेव्हा ती बाई नक्की काय म्हणाली? कुठे नेतो म्हणाली?"

मी भाताचं झाकण काढलं, परत ठेवलं. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही.

"मी विचारलंच नाही, फेंग."

त्याला कळलं नाही. मी मग सगळं सांगितलं. कॅरन, तिची आई, जेली. मध्ये थांबले नाही, कारण थांबले असते तर काहीतरी सारवासारव केली असती.

"जेली?" तो म्हणाला.

"जेलीसाठी नाही रे. वाढदिवसासाठी."

"गेलीस?"

"गेले."

"केक कसा होता?"

"बरा होता."

त्याने मान हलवली, जणू मी लेंगचा आठवा पत्ता सांगितला होता. मग एकदम उठला. "पंचवीस वर्षं मी त्यांच्या नावाने खडे फोडतोय! भाषणं दिली! पोरांना शिकवलं की या लोकांनी माझं फेकलं. आता काय सांगू? आत्याने फेकलं? आता मी रागावू कुणावर, सांग ना! दहा वर्षांच्या पोरीवर?"

"माझ्यावर रागाव. मी समोर उभी आहे."

"तू आता ती पोरगी कुठे आहेस?" तो म्हणाला. "आणि आईला तरी सांगायचंस. ती गेली बिचारी नियम आहे असं समजून." एवढं बोलून तो निघाला. मी भात वाढून ठेवला होता, तो तसाच राहिला. मी रडले, आणि खरं सांगते, सुटल्यासारखंही वाटलं, आणि त्याची परत लाज वाटली.

शुक्रवारी सकाळी अंत्यविधीच्या दालनात मी मागे बायकांत उभी होते. फेंगने माझ्याकडे पाहिलंही नाही. लेंगच्या पायांत तागाचे जोडे चढवले होते, उशाशी कोंबडा आणि उकडलेलं अंडं. चाकाका पुढच्या खुर्चीत, काठीवर हनुवटी टेकून. केली त्यांच्या शेजारी. तिला गाण्यातलं निम्मंही कळत नसावं, पण रस्त्यांची नावं कळत होती. प्रत्येक नावाला ती मान डोलवायची.

फेंग गात होता. थॉमस अव्हेन्यूच्या घरा, तुझं पाणी लेंग प्यायला, तुझ्या भट्टीची ऊब त्याने घेतली, त्याला जाऊ दे. शेरबर्नच्या घरा, तुझं छप्पर गळायचं तरी त्याने तुला नावं ठेवली नाहीत, त्याला जाऊ दे. दर घरी तो वेळूचे दोन तुकडे जमिनीवर टाकायचा. ते हवे तसे पडले की लेंग निघाला असं समजायचं. सात घरं सुरळीत झाली. मग इस्पितळ आलं, चौथा मजला आला, आणि फेंग थांबला.

तुकडे टाकले. नीट पडले नाहीत. परत टाकले. तिसऱ्यांदा टाकले. बायकांत कुजबुज सुरू झाली. चाकाकांनी काठी आपटली. "सांगितलं होतं, इथे थांबू नकोस! माझ्या गावी ने त्याला!"

"झबल्याशिवाय नेला तर तुमचे वडील त्याला ओळखणार नाहीत, काका," फेंग म्हणाला. मग तो वळला. "ताई, पुढे ये."

मला वाटलं दुसऱ्या कुणाला म्हणतोय. शेजारणीने कोपर मारलं.

"गाण्याच्या मध्ये बाई कशाला?" चाकाका म्हणाले.

"काका, तुम्ही इस्पितळात जाता तेव्हा बोलायला कुणाला नेता?"

"शुआला नेतो."

"मग? त्या इस्पितळातल्या माणसांना आपली भाषा कळत नाही. मी इतका वेळ गातोय, ते ऐकणार कसे?" मग माझ्याकडे बघून, हळू आवाजात, "ताई, विचार तिला."

मी शवपेटीशी जाऊन उभी राहिले. कुठे बघून बोलावं ते कळेना. समोर भिंत होती, तिच्याकडे बघितलं. रोज दहा वेळा बोलते ती भाषा, पण शब्द जुळेनात. तोंडातून आवाज आला तो बारीक, पोरीसारखा.

"बाई," मी इंग्रजीत म्हणाले, "या बाळाची वार आम्हाला हवी आहे. फेकू नका. आमच्यात ती घरी नेतात. नेऊ का?"

केलीने तोंडावर हात धरला होता. तिला हे मात्र सगळं कळलं होतं.

चाकाका पुढे वाकले. "काय म्हणाली ती?"

फेंग माझ्याकडे बघत होता.

"हो म्हणाली," मी सांगितलं. "जरा थांबा, पिशवीत घालून देते म्हणाली."

फेंगने खाली वाकून वेळूचे तुकडे उचलले आणि टाकले. चाकाकांनी मान पुढे काढून पाहिलं, दोन्ही तुकडे नीट निरखले, आणि मग ते खुर्चीत मागे टेकले.

"बघा," ते शेजारच्याला म्हणाले. "विचारलं की देतात."